अण्णांच्या नावानं उघडणारा सर्व्हर

माझ्या मुलीला फोनवर बोलता येत नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. "आजकालच्या पोरी फोन खाली ठेवत नाहीत आणि तुमचं काहीतरीच," म्हणतात. फोन तीही खाली ठेवत नाही, पण त्याच्यावर बोलतही नाही. वाजायला लागला की उलटा करून टेबलावर ठेवते, तो दमून गप्प होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसते, आणि मग मेसेज करते, "बोला." गॅसच्या नोंदणीपासून तिच्या दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे फोन मी करते. सव्वीस वर्षांची आहे. शिरोलीच्या एमआयडीसीत एका अख्ख्या फौंड्रीचे कॉम्प्युटर सांभाळते. उद्या संसार होईल, मूल आजारी पडेल, कुणाला तरी घाईनं बोलावायची वेळ येईल, तेव्हा ही काय करणार? मेसेज?

एरवी मी ही काळजी उशाशी घेऊन झोपते. आज ती झोपू देईना, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा लावून लिहीत बसले आहे. कारण शिवलीलाची नोकरी नेमकी एका फोनवर येऊन अडकली आहे, आणि तो फोन तिला उद्या दुपारच्या आत करायचा आहे.

घरात ती अशी नाही, हे आधी सांगते. घरात तिचं तोंड बंद म्हणून नसतं. नकला तर अशा करते की तिचे अप्पा पाणी पिता पिता ठसकतात. तो गुण माझ्याकडून आला. कुरुंदवाडला माहेरी असताना आम्ही मैत्रिणींनी गल्लीतलं एक माणूस सोडलं नव्हतं. तिचा स्वतःचा गुण वेगळाच आहे. काही हरवलं की आम्ही दोघं गाद्या उलथ्यापालथ्या करतो. ती लहानपणापासून एका जागी बसते आणि प्रश्न विचारते. दुसरीत असताना ह्यांच्या स्कूटरची किल्ली हरवली. सगळं घर धुंडाळून झालं. ही पायरीवर बसून म्हणाली, "अप्पा, किल्ली हातात होती तेव्हा दुसऱ्या हातात काय होतं?" हे म्हणाले, "मेथी." किल्ली फ्रीजमध्ये मेथीच्या जुडीत निघाली, गारेगार. हे अजून पाहुण्यांना ती गोष्ट सांगतात आणि मेथीच्या जागी दर वेळी वेगळी भाजी घालतात.

मी एकदा तिला विचारलं होतं, फोनचं एवढं काय गं? म्हणाली, "समोर माणूस असला की तोंड दिसतं, अव्वा. फोनवर माणूस गप्प बसला तर तो का गप्प बसलाय, हे कसं कळायचं?"

"विचारायचं."

"बघ, तुला किती सोपं वाटतं."

ही फौंड्री भीमाप्पा अण्णांची. अण्णा आमच्या कुरुंदवाडच्या गल्लीतले. मी परकर-पोलक्यात होते तेव्हा त्यांनी शिरोलीत जागा घेतली, भट्टी लावली आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतायला सुरुवात केली. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून ते कुरुंदवाडच्या घरी असतात, आणि कारखाना त्यांचा मुलगा बसवेश बघतो. नोकरी शिवलीलानं मुलाखत देऊन मिळवली, माझ्या ओळखीचा त्यात काडीचा संबंध नाही. पण गल्लीचं नातं असल्यामुळे मला तो कारखाना घरचाच वाटला. दुसऱ्याच दिवशी मी बसवेशला फोन केला, की तिनं डबा खाल्ला का तेवढं बघा, ती विसरते. बसवेश सज्जन मुलगा. तो थेट तिच्या टेबलापाशी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आईंचा फोन होता. डबा खाल्लात का?"

त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव हेडऑफिस पडलं आहे. जेवणाची सुट्टी झाली की पॅटर्न शॉपचे जोतीराम हमखास ओरडतात, "पोरी, डबा उघड, न्हायतर हेडआफिसचा फोन येईल!" शिवलीलानं मला शपथ घातली, की फौंड्रीतल्या कुठल्याही माणसाला तू फोन करायचा नाहीस. मी ती पाळत आले आहे. कशी, ते माझं मला माहीत.

जोतीरामांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती आहे. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा उमटवतात तो लाकडी साचा म्हणजे पॅटर्न. जोतीराम त्या साच्यांच्या विभागाचे मुख्य. कोडोलीहून रोज मोटारसायकलवर येतात, सगळ्यांत आधी. मिसरूड फुटायच्या आत अण्णांनी त्यांना हाताशी धरलं आणि काम शिकवलं. आवाज असा की भट्टी चालू असतानाही पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जातो. शिवलीला त्यांना मामा म्हणते.

आता सर्व्हर. मला तो असा समजला. कारखान्याची सगळी ड्रॉइंगं एका मोठ्या कपाटात ठेवली आहेत, आणि ते कपाट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवरून उघडतं. उघडायला नाव सांगायचं आणि पासवर्ड द्यायचा. प्रत्येकाचं वेगळं नाव असावं, अशी रीत. पण ह्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो अण्णांच्या नावानं सुरू झाला, आणि नंतर जे जे आले त्यांनी अण्णांचंच नाव चालू ठेवलं. पॅटर्न शॉप, स्टोअर, हिशेब, गेटवरचा वजनकाटासुद्धा. शिवलीला रुजू झाली तेव्हा म्हणाली, सगळ्यांना वेगवेगळी नावं देऊया. जोतीराम म्हणाले, "कशाला? अण्णांच्या नावानं उघडलं की काम अडत न्हाय. वेगळी चूल मांडून काय करायचंय?" बसवेशनंही नको म्हटलं. विषय तिथंच राहिला.

मागच्या आठवड्यात ज्या ट्रॅक्टर कंपनीला ते माल देतात तिचं पत्र आलं. आमची ड्रॉइंगं तुमच्याकडे आहेत, तर पासवर्ड बदला, आणि कुणी लागोपाठ चुकीचा पासवर्ड टाकला तर ते नाव आपोआप बंद पडेल अशी सोय करा. शनिवारी आमचा माणूस बघायला येईल. शिवलीलानं नवीन पासवर्ड आधी प्रत्येकाला जाऊन कानात सांगितला, संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर ती सोय करून अण्णांच्या नावाचा पासवर्ड बदलला, आणि खुशीत घरी आली. त्या रात्री धपाटी केली होती. तिनं दोन जास्त खाल्ली, म्हणून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी ती साडेनऊला पोचली तर दारातच जोतीराम.

"काय गं पोरी, तुझ्या सर्व्हरला आमचं त्वांड आवडंना झालंय काय? सकाळधरनं दारात हुबा हाय, आत घेईना!"

बघते तर अण्णांचं नाव कुलूपबंद. कुणीतरी चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला होता. आणि नाव सगळ्यांचं एकच, त्यामुळे एकाच्या चुकीनं सगळे बाहेर. पहिली पाळी सातला लागते. पॅटर्नवाले, स्टोअरवाले, वजनकाटेवाला, सगळे तिची वाट बघत चहा पीत बसलेले. तिनं कुलूप काढलं आणि दिवस व्यवस्थित गेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

तिला वाटलं, कॉम्प्युटर जुना पासवर्ड लक्षात ठेवतात, तोच परत परत पाठवत असतील. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीचं कुलूप बदललं तरी मी महिनाभर जुनीच किल्ली घेऊन वर जात होते, तसं. म्हणून ती एकेका कॉम्प्युटरपाशी बसली आणि जुना पासवर्ड पुसत गेली. तिसऱ्या सकाळी पुन्हा कुलूप. आता जोतीराम नुसते ओरडत नव्हते, तिला बघून शेडमधल्या पोरांना सांगत होते, "चहा टाका रं, म्याडम आल्या, आता दुपारपर्यंत सुट्टी." शिवलीला हसण्यावारी नेत होती. पण घरी आल्यावर ती नक्कल करेनाशी झाली, तेव्हा मी ओळखलं.

बसवेशनं तिला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याची एक कंपनी सगळा सर्व्हर चालवायला घेते म्हणे, माणसासकट. "शनिवारी तपासणी आहे. तोवर हे थांबलं नाही तर मला त्यांना बोलवावं लागेल. मग तुमच्यासाठी इथं काम उरणार नाही, हे आधीच सांगतो. नंतर वाईट वाटायला नको." हे तिनं मला भाकरी मोडता मोडता, भाकरीकडे बघत सांगितलं.

"मग कोण टाकतंय चुकीचा पासवर्ड?" मी विचारलं.

"कॉम्प-वन."

"हा कोण?"

"तेच तर. सर्व्हर म्हणतोय, दार वाजवणाऱ्याचं नाव कॉम्प-वन. सकाळी लवकर वाजवतो आणि मी पोचायच्या आत गायब होतो. सगळ्यांना विचारलं, ह्या नावाचा कॉम्प्युटर कुठं आहे? कुणालाच माहीत नाही. जोतीराम मामांना विचारलं, मी बघितलेत त्याच्याशिवाय एखादा कॉम्प्युटर आहे का? ते म्हणाले, 'पोरी, ह्या कारखान्यातला खिळा न् खिळा मला ठावं हाय. न्हाय.'"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची मोना आमची भांडी परत करायला आली. तिच्या बाळाच्या बारशाला नेली होती. ती गेल्यावर मी तांबे मोजून घेतले. "सगळे आले," म्हटलं.

हे म्हणाले, "एक कमी दिसतोय."

"कुठं कमी आहे? घरातले सगळे आले."

"आणि देवघरातला?"

"अहो, तो कुठं ह्यात धरायचा? तो काय आपण वापरतो?"

शिवलीलानं हातातला घास ताटात ठेवला. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, भाजीत खडा आला. "अव्वा," म्हणाली, "मी प्रश्नच चुकीचा विचारला." आणि काही न सांगता तिनं गजर लावला. गजर लावून उठणारी माझी मुलगी नव्हे. मीच घाबरले.

बुधवारी पहाटे ह्यांनी तिला स्कूटरवरून शिरोलीला सोडलं. पुढचं तिनं मला संध्याकाळी करून दाखवलं. जोतीराम तीच झाली, शिवलीलाही तीच, आणि उदबत्तीच्या जागी माझं पोळपाटावरचं लाटणं.

कारखान्यात सामसूम. फक्त अण्णांच्या केबिनमध्ये दिवा. ती केबिन अण्णा घरी बसल्यापासून बंदच असते असा सगळ्यांचा समज, कारण कुणी तिथं जात नाही. किल्ली जोतीरामांच्या कनवटीला. शिवलीलानं दारातून पाहिलं तर जोतीराम चपला बाहेर काढून आत उभे. त्यांनी फडक्यानं खुर्ची पुसली. टेबल पुसलं. कॉम्प्युटरचा पडदा पुसला, त्याच्यावर झेंडूचं फूल ठेवलं, आणि बटण दाबून तो सुरू केला. मग उदबत्ती पेटवून खुर्चीला, भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोला आणि कॉम्प्युटरला ओवाळली. कॉम्प्युटर घरघरत जागा झाला.

"मामा," शिवलीला म्हणाली.

जोतीराम एवढे दचकले की उदबत्तीचा चटका त्यांच्याच हाताला बसला. "आगं ए! मानूस हाईस का कोन! हितं काय करतीस?"

"तुम्ही काय करताय?"

"मी? मी रोजच करतो. अण्णा यायच्या आधी काम्प्युटर चालू पाहिजे. त्यांनला थांबाय आवडत न्हाय."

"पण अण्णा आता येत नाहीत ना?"

"म्हणून काय झालं? उद्या आले तर? येऊन बगतील, काम्प्युटर बंद, खुर्चीवर धूळ. म्हणतील, जोत्या, चार दिवस गावाकडं काय गेलो, इसरलास?" मग चटका बसलेल्या हातावर फुंकर घालत म्हणाले, "चालू करतो, उदबत्ती लावतो, पाळी लागायच्या आत बंद करतो. वीज जाळलेली त्यांनला खपत न्हाय."

शिवलीला टेबलाखाली वाकली. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला कुणीतरी केव्हातरी पांढऱ्या रंगानं एकचा आकडा काढला होता. कारखान्यातला पहिला कॉम्प्युटर. कॉम्प-वन.

"मामा, मी तुम्हाला विचारलं होतं, आणखी कुठं कॉम्प्युटर आहे का."

"मग? न्हाय म्हटलं की."

"हा काय आहे?"

"ह्यो काय काम्प्युटर हाय?" जोतीराम भडकले. "ह्यो अण्णांचा हाय!"

ते खोटं बोलले नव्हते. देवघरातला तांब्या मी तरी कुठं मोजला होता?

शिवलीलानं त्यांना अण्णांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसवलं. खुर्चीवर ते बसलेच नसते. आणि हळूहळू सांगितलं. ह्या कॉम्प्युटरला नवीन पासवर्ड कुणी सांगितलेला नाही. तो जागा झाला की आपला जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचं दार वाजवतो. सर्व्हर म्हणतो, चूक. हा पुन्हा वाजवतो. शेवटी सर्व्हर घाबरून अण्णांच्या नावालाच कुलूप घालतो, आणि तुम्ही सगळे बाहेर राहता.

जोतीरामांनी टेबलावर पडलेली उदबत्तीची राख फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "म्हंजे चार दिस मी ज्याला शिव्या घातल्या, त्यो मीच की गं."

"शिव्या मला घातल्यात, मामा."

"तुलाच घातल्या. पत्ता माझा हुता." आणि मग त्यांना हसू आलं ते आवरेना. शिवलीला सांगत होती, ते हसताना भिंतीवरचा अण्णांचा फोटो हलत होता. हसून झाल्यावर मात्र आवाज एकदम खाली आला. "बसवेशला सांगनार काय?"

"कॉम्प्युटरचं नाव सांगेन. माणसाचं कशाला?"

तिनं तसंच केलं. बसवेशनं विचारलं, "अण्णांचा कॉम्प्युटर? पण तो सुरू कोण करतं?" शिवलीला म्हणाली, "सर, आता कुणी करणार नाही." बसवेशनं पुन्हा विचारलं. ही गप्प. मग त्याच्या मागं फाईल घेऊन उभे असलेले जोतीरामच म्हणाले, "मी करतो, मालक. पोरगी माझ्यासाठी त्वांड बंद ठिऊन बसलीय. काय बोलायचं ते मला बोला." बसवेशनं फक्त विचारलं, "फूल कसलं ठेवता?" जोतीराम म्हणाले, "झेंडूचं." बसवेश म्हणाला, "त्यांना मोगरा आवडतो."

मला वाटलं, संपलं. मी तिच्यासाठी शेवयाची खीर केली. पण बसवेशचं म्हणणं पुढं होतं. कंपनीच्या माणसाला एकाच नावावर सगळे काम करताना दिसले तर तो पास करणार नाही. आता प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं, आणि अण्णांचं नाव सर्व्हरवरून काढून टाकायचं. "पण अण्णांना न विचारता मी काढू देणार नाही," म्हणाला.

"मग तुम्ही विचारा की, सर."

"मी? माझ्याच्यानं नाही व्हायचं. बाप आहे तो. मुलगा फोन करून सांगतोय, तुमचं नाव काढतोय. काय वाटेल?"

"मामा?"

जोतीरामांनी कानाला हात लावले. "ज्यानं माझं बोट धरून कामाला लावलं, त्याला मी सांगू व्हय? त्यापरास मला भट्टीत घाला."

मग दोघांनी शिवलीलाकडे पाहिलं. वेगळ्या नावांची कल्पना मुळात तिचीच. अण्णांचं नाव काढणारही तीच. आणि कुरुंदवाडच्या आजोळामुळे ओळखही. शनिवारी दुपारपर्यंत अण्णांचा होकार आणा, नाहीतर पुण्याची कंपनी ठरलेली. म्हणजे भट्टीत माझीच मुलगी.

गुरुवारपासून ती तो फोन हातात घेऊन फिरते आहे. दोन दिवसांत तिनं सगळ्यांची वेगळी नावं तयार केली, प्रत्येकाला शिकवली. गेटवरच्या काट्यावाल्यालाही स्वतःच्या नावाचं एवढं कौतुक वाटलं की त्यानं घरी बायकोला फोन करून सांगितलं. फक्त अण्णांचं नाव तेवढं शिल्लक आहे. कुरुंदवाडला जाऊन येते म्हणाली होती, पण नवीन नावांचा गोंधळ सुरू असताना कारखाना सोडता येईना. अण्णांना मेसेज केला. अण्णांचा फोन बटणांचा, त्यात मेसेज आलेला त्यांना कधी कळलेला नाही.

आज संध्याकाळी तर कहर झाला. तिनं नंबर लावला, एक रिंग गेली, आणि कट केला. पाच मिनिटांत अण्णांचाच फोन आला. अण्णांच्या पिढीत रिंग आली की उलट फोन करायचाच, असा नियम आहे. हिनं फोन उलटा करून जेवणाच्या टेबलावर ठेवला. तो थरथरत थरथरत लोणच्याच्या बरणीपर्यंत गेला.

"उचल की गं," हे म्हणाले.

"अप्पा, नको."

"अगं, खाणार आहेत काय तुला?"

फोन बरणीला टेकून गप्प झाला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. अण्णा चिकाटीचे. नंबर कुणाचा हे कळल्याशिवाय ते जेवले नसतील, हे मी पैजेवर सांगते. मला राहवेना. मी हात पुढं केला. "दे इकडं. दोन मिनिटांत होकार काढते. त्यांच्या अंगणात मी सागरगोटे खेळलेय."

"शपथ आठव, अव्वा."

"अण्णा फौंड्रीतले कुठं राहिले? ते रिटायर आहेत."

"अव्वा!"

"बरं. पण तुझी नोकरी मोठी की माझी शपथ?"

ती फोन बरणीपासून ओढून घेत म्हणाली, "नाव मी काढणार आहे ना? मग विचारायचं पण मीच. सोमवारी मामा म्हणतील, हेडऑफिसनं परवानगी काढली. आणि मला आयुष्यभर वाटत राहील, की मी त्या माणसाचं नाव त्याच्याशी न बोलता पुसलं."

मी हात मागं घेतला. जोतीरामांना एवढं अवघड सांगितलं, ते समोर तोंड दिसत होतं म्हणून. "उद्या ऑफिसला पोचायच्या आधी करते," म्हणाली. "मी काय बोलायचं ते ठरवलंय. पण अण्णा गप्प बसले तर, अव्वा? नाव काढू का विचारलं आणि ते गप्प बसले, तर?"

भीमाप्पा अण्णा गप्प बसलेत, असं आमच्या गल्लीनं कधी ऐकलं नाही. ते फोनवर बोलत असतात की शेजाऱ्यांशी, हेही कळत नाही, एवढा आवाज. पण हे तिला सांगून उपयोग नाही. तिला ते ऐकावं लागेल.

मघाशी तिच्या खोलीवरून गेले तर आतून हळू आवाज येत होता. "नमस्कार अण्णा, मी शिवलीला." मग थोडी शांतता. पुन्हा, "नमस्कार अण्णा." तिथंच अडत होती. दाराशी उभी राहून मी मनात तिला पुढचं वाक्य सांगत होते, पण तिला कसं ऐकू जाणार?

आणि मग इथं येऊन बसले, आणि हे सगळं लिहिता लिहिता मला एक सुचलं. शपथ फौंड्रीतल्या माणसांना फोन न करण्याची आहे. शिवलीला फौंड्रीतली आहे, पण तिला फोन करायचा नाही असं तिनं कधी म्हटलेलं नाही. उलट माझा एकटीचा फोन ती पहिल्या रिंगला उचलते, कारण नाही उचलला तर मी पुढं कुणाकुणाला लावीन ह्याची तिला धास्ती आहे.

ती सव्वाआठच्या केएमटीनं निघते. खिडकीशी जागा मिळाली की निवांत असते. बस पंचगंगेच्या पुलावर आली असेल तेव्हा मी तिला फोन लावणार आहे. ती म्हणेल, "हां अव्वा." मी घसा खाकरून घेणार, लहानपणी गल्लीच्या कट्ट्यावर घ्यायची तसा, आणि पोटातून आवाज काढणार, "कोन अव्वा? भीमाप्पा बोलतोय, कुरुंदवाडास्नं! काल सांजंच्याला रिंग देऊन कट कुणी केला? बोल यव्वा, काय काम काढलंस?"

हसेल. आधी नक्की हसेल. मग मी आवाज न सोडता तिला सगळं विचारायला लावणार, नाव काढण्यापर्यंत. आणि तिनं ते विचारलं की मी मुद्दाम गप्प बसणार आहे.